यंदा हिव पडलेच नाही: तुमच्या शिवारात काय वेगळे दिसले?

तापीकाठ

सर्वांना नमस्कार.

आमचे गाव चोपडा तालुक्यात, तापीपासून जवळ आहे. घरची जमीन काळी, खोल आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. तिच्यात आम्ही वडिलांच्या काळापासून दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा घेत आलो आहोत. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी दोन एकर गहूही होतो. यंदा माघ लागला तरी थंडी अशी पडलीच नाही. आजी म्हणते, ‘औंदा हिव पडनंच नही’, आणि पेटीतून काढलेल्या दोन गोधड्यांपैकी एक तिने न वापरताच पुन्हा घडी करून ठेवली. दिवसाचे ऊन आपल्याकडे नेहमीचेच आहे. फरक रात्रीत पडला आहे. एरवी पहाटे दादरच्या शेतात शिरले की पानांवरच्या पाण्याने कपडे गुडघ्यापर्यंत भिजतात. ते दहिवर यंदा मोजक्याच दिवशी पडले.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, हरभऱ्यावर घाटे अळी या वेळी नेहमीपेक्षा लवकर आली आणि एकदा फवारूनही पुन्हा आली. दुसरी अशी की, दादर दाण्यात आली तरी भोरड्या ही दाणे खाणारी पाखरे फारच थोडी उतरली. लहानपणी आम्ही भावंडे गोफण घेऊन दिवसभर माळ्यावर बसत असू आणि तरीही कणसे वाचत नसत. यंदा गोफण खुंटीवरच राहिली. या दोन्ही गोष्टींचा संबंध थंडी कमी पडण्याशी आहे का? तुमच्या शिवारात, जंगलात, गोठ्यात काय दिसते आहे, तेही कृपया सविस्तर लिहा.

केळीबाग_रावेर

दादा, तुमची काळजी मी समजू शकते, परंतु आमच्या भागात यंदाच्या हवेबद्दल कोणी तक्रार करत नाही. पारा 12 अंशांच्या खाली गेला की केळीचे नवे पान पोंग्यातच अडकते, पानांवर पिवळे पट्टे पडतात, निसवण (घड बाहेर पडणे) लांबते आणि निसवलेला घडसुद्धा नीट खाली सुटत नाही. याला आम्ही चरका बसणे म्हणतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेला तो निसवणीच्या वेळी गाठतो आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेला अगदी कोवळ्या वयात. कडक थंडीच्या वर्षी आम्ही बागेच्या कडेने रात्री काडीकचरा पेटवून धूर करतो, घडांना पिशव्या घालतो आणि विहिरीचे पाणी पहाटे सोडतो, कारण ते बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते. वाऱ्याच्या बाजूला शेवरीची दाट ओळ असेल तर बाग बरीच वाचते. इतके करूनही घडाचे वजन घटते आणि माल तयार व्हायला जास्त दिवस लागतात. यंदा यातले काहीच करावे लागले नाही. त्यामुळे थंडी नसणे हे संकटच आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही.

ओंबी

केळीबाग ताई, तुमचा मुद्दा तुमच्या पिकापुरता पूर्ण बरोबर आहे. आता माझ्या पिकाचे सांगतो. अमळनेर तालुक्यात माझा पाच एकर लोकवन गहू आहे. पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे फुटवे येतात. त्या काळात हवा गार असेल तर एका दाण्यापासून भरपूर फुटवे मिळतात. हवा उबदार असेल तर झाड घाईने वाढते, लवकर पोटरीत येते आणि फुटवे कमी राहतात. पुढे दाणा भरताना रात्र गार नसेल तर पानांनी दिवसभर तयार केलेले अन्न झाडाच्या श्वसनातच खर्च होते आणि दाणा चिमतो. आमच्या शेतात ओंब्या यंदा लवकर बाहेर आल्या आहेत. पाहणाऱ्याला शेत सुंदर दिसते, पण ओंबी हातावर चोळली की खरे काय ते कळते.

हे एका शेताचे दुखणे नाही. सरासरी कमाल तापमान पाहिले तर 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेतल्या गव्हाला फटका बसला आणि त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी, 2023 च्या फेब्रुवारीत, देशाच्या सरासरी कमाल तापमानाने महिन्याचा विक्रम मोडला. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा बोंडे घेण्याच्या, मोहाने कपाशी डिसेंबरपर्यंत शेतात उभी ठेवली जाते, मग गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याऐवजी महिनाभर उशिरा होते आणि दाणा भरण्याची वेळ नेमकी फेब्रुवारीच्या अखेरच्या उन्हात सापडते.

बारे_रात्रीचे

मी एक बाजू मांडू इच्छितो, कारण ती सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या भागात शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस रात्रीच मिळते. कडक थंडीत रात्री दोन वाजता उघड्या पायांनी गव्हाच्या वाफ्यात उभे राहून पाणी भरताना काय होते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक आहे. पाय बधिर होतात, फावडे हातातून सुटते. माझ्या वडिलांचा दमा अशाच एका हिवाळ्यात बळावला. यंदा त्यांनी पूर्ण हंगाम सुखाने झोप घेतली. गव्हाचे उत्पन्न घटेल, हे ओंबी भाऊंचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही वडिलांची एक रात्र शांत जाणे ही माझ्या घरात छोटी गोष्ट नाही.

ओंबी

दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. आम्हीही त्याच वाफ्यात उभे राहतो, त्यामुळे तुमचे म्हणणे मनाला लागले.

सर्पसेवा

रात्री पाणी भरणाऱ्यांचा विषय निघाला आहे, म्हणून लगेच लिहितो. मी पाचोरा परिसरात गेली अनेक वर्षे साप पकडून सुरक्षित सोडण्याचे काम करतो. आपल्याकडचे साप थंड प्रदेशांतल्या सापांसारखे महिनोन्महिने निद्रिस्त होत नाहीत, मात्र गार रात्री ते बिळातच राहतात आणि दुपारी ऊन खायला बाहेर येतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे बोलावणे क्वचितच येते. यंदा ते थांबलेच नाही. घोणस हा साप तर थंडीच्या दिवसांतच जोडीच्या शोधात फिरतो. रात्री उबदार असल्या म्हणजे त्याचे फिरणे आणि आपले बारे (पिकाला पाणी भरणे) एकाच वेळी, एकाच बांधावर येतात.

पाणी भरायला जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट आणि चांगला उजेड देणारी बॅटरी जवळ असलीच पाहिजे. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग घराला किंवा गोठ्याला लागून रचू नये. त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. रात्री गरम होते म्हणून यंदा लोक आताच अंगणात जमिनीवर अंथरूण टाकू लागले आहेत. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नये. तो हात किंवा पाय स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

बारे_रात्रीचे

धन्यवाद. बूट घ्यायचे अनेक वर्षांपासून राहिले होते, या बाजारी घेतो.

घरची_चूल

मी यावल तालुक्यातली. बायकांच्या कामात काय बदलले, ते सांगते. कापूस वेचणीला जाणाऱ्या आमच्या बाया थंडीच्या दिवसांत सकाळी ऊन चढल्यावरच शेतात शिरतात, कारण दहिवराने ओला झालेला कापूस वेचला तर तो पिवळट पडतो आणि भाव तुटतो. यंदा दहिवरच नाही, त्यामुळे वेचणी सकाळी लवकर सुरू होते. हे सोयीचे वाटते खरे, परंतु दुपारी बारानंतर ऊन इतके तापते की दिवसाचे एकूण वेचणे फारसे वाढत नाही आणि डोके मात्र दुखते.

दुसरी गोष्ट भरिताच्या वांग्याची. आमच्या बामणोदच्या वांग्याची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना सांगायला नको. गार हवेत ते वांगे मोठे होते, गर मऊ राहतो आणि बिया कोवळ्या असतात. उबदार दिवसांत फळ लवकर जून होते, बिया कडक होतात आणि शेंडे-फळ पोखरणारी अळी दहापैकी तीन-चार वांगी तरी वाया घालवते. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून, बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर शेतात बसून खाणे हा आमच्या हिवाळ्याचा सण आहे. यंदा आमच्याकडे ती पंगत एकदाच झाली. जाळाजवळ बसायला कोणी तयार नव्हते.

केळीबाग_रावेर

ताई, भरिताचे वाचून मन भरून आले. आमच्याकडेही वांग्यांची तीच स्थिती आहे. माझ्या आधीच्या लिहिण्यात एक भर घालते, म्हणजे माझे म्हणणे एकतर्फी राहणार नाही. चरका टळला हे खरे, मात्र मध्ये आठवडाभर आभाळ राहिले आणि हवा दमट झाली, तेव्हा बागेत करप्याचे ठिपके दिसले. रोगट पाने कापून बागेबाहेर नेऊन जाळण्यात मजुरी गेलीच.

सातपुडा_पायथा

मी शिरपूरच्या उत्तरेला, पायथ्याच्या गावात शिक्षक आहे. वर्गातली बहुतेक मुले पावरा आणि भिल्ल कुटुंबांतली आहेत, त्यामुळे जंगलातली खबर मला रोज सकाळी हजेरीबरोबर मिळते.

कडक थंडीच्या वर्षी तोरणमाळला आणि अक्कलकुव्याच्या डाब परिसरात गवतावरचे दव गोठून पांढरे होते. त्या वर्षी नाल्यांतले पाणी बरेच टिकते. यंदा बाष्पीभवन लवकर सुरू झाले आहे. ज्या डोहात मुले होळीपर्यंत मासे धरतात, त्याचा तळ आताच दिसू लागला आहे. डोह आटले म्हणजे सांबर, भेकर, रानडुक्कर यांना खाली उतरावे लागते. खाली हरभरा आणि मका उभा असतो. मग रात्री राखण, फटाके, आरडाओरडा आणि त्यांच्या मागोमाग उतरणारा बिबट्या, अशी ही साखळी आहे.

गवतही लवकर वाळले आहे. वन विभाग 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतो आणि जाळरेषा त्याआधी पुऱ्या कराव्या लागतात. आमच्या टेकडीवर पहिला वणवा त्या तारखेच्या आधीच लागला. पुढे मोहफुलांचा हंगाम आहे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची सवय जुनी आहे, आणि गवत इतके कोरडे असताना ती आग झाडाखाली थांबत नाही. आम्ही मुलांना घरी सांगायला लावले आहे की पाचोळा झाडून गोळा करावा, पेटवू नये. काही घरांनी ऐकले आहे. झाडाखाली जुनी लुगडी अंथरून फुले झेलणार आहेत.

शाळेच्या मुलांनी आणि गावकऱ्यांनी मिळून डिसेंबरात मातीच्या गोण्यांचा एक वनराई बंधारा घातला होता. त्यामागे अजून कमरेइतके पाणी आहे. पहाटे तिथल्या चिखलात ठसे पाहायला मुले मला ओढून नेतात. भेकर, साळिंदर, रानमांजर आणि मोर यांचे ठसे आता त्यांना माझ्यापेक्षा चांगले ओळखता येतात.

वढोद्याची_वाट

सातपुडा गुरुजी, पाण्याची ही साखळी आमच्या मुक्ताईनगर भागात वाघापर्यंत जाते. वढोदा वनक्षेत्र आणि डोलारखेडा परिसरात वाघ आहेत आणि जंगलाला लागूनच केळीच्या बागा आहेत. बागेत दाट सावली, सतत ओलावा आणि मागोमाग आलेली रानडुकरे असतात. उन्हाळ्यात वाघ बागेच्या गारव्याला येऊन बसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. थंडीत तो सहसा जंगलाच्या आत असतो. यंदा पानकापणीला गेलेल्या मजुरांना संक्रांतीच्या आसपासच ताजे ठसे दिसले. कोणाला इजा झाली नाही. आम्ही एवढेच केले की सकाळी ऊन पुरते पडल्याशिवाय बागेत शिरायचे नाही, चार जणांनी बोलत-बोलत जायचे आणि वाकून करायची कामे एकट्याने करायची नाहीत.

गोठा

जनावरांचे कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. एरवी थंडीत गोचीड जवळजवळ दिसेनासे होते. यंदा म्हशींच्या कासेवर आणि कानामागे ते पौषातही होते. गोमाश्या आणि डास तर गेलेच नाहीत. 2022 च्या साथीत राज्यातली लम्पीची पहिली नोंद आपल्याच रावेर तालुक्यात झाली होती आणि तो आजार चावणाऱ्या कीटकांमार्फतच पसरतो, हे विसरून चालणार नाही. लसीकरण वेळेवर करावे, संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा धूर करावा आणि गव्हाणीच्या फटी चुन्याने बुजवाव्यात, कारण गोचिडाची अंडी तिथेच असतात. काठेवाडी गायींचे कळप आणि ठेलारी बांधवांच्या मेंढ्या या दिवसांत आपल्या रानात बसायला येतात. शेताला खत मिळते, हे चांगलेच आहे. मात्र त्यांच्या जनावरांच्या लसीकरणाची चौकशीही आपुलकीने करावी, कारण फिरतीवर असल्यामुळे त्यांच्यापर्यंत दवाखाना लवकर पोहोचत नाही.

हतनूरची_पाखरे

आता तापीकाठ दादांच्या भोरड्यांकडे येतो. मी भुसावळला राहतो आणि हिवाळ्यातले बहुतेक रविवार हतनूरच्या जलाशयावर काढतो.

थंडी कमी पडल्यामुळे भोरड्या आल्या नाहीत, हे मला पटत नाही. भोरडी, म्हणजेच पळसमैना, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात अंडी घालते. पिल्ले उडती झाली की थवे निघतात आणि आपल्याकडे पावसाळा संपण्याच्या आतच, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, दिसू लागतात. तेव्हा आपल्याकडे थंडीचा मागमूसही नसतो. त्या आपल्या थंडीसाठी येत नाहीत. त्या दाण्यासाठी, किड्यांसाठी आणि पुढे पळस-सावरीच्या फुलांतल्या मधासाठी थांबतात. पोट भरेल तिथे थवा उतरतो. तुमच्या गावाभोवती वीस वर्षांपूर्वी दादर किती होती आणि आज किती आहे, हे आठवून पाहा. आमच्याकडे तरी तिची जागा मका, कपाशी आणि केळीने घेतली आहे. सलग दादर नसेल तर दहा एकरांच्या एका तुकड्यासाठी हजारांचा थवा कशाला उतरेल?

पाणपक्ष्यांचे गणितही वेगळे आहे. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या हे पाहुणे त्यांच्याकडचे पाणी गोठू लागते म्हणून निघतात. इकडे किती थंडी आहे, हे पाहून निघत नाहीत. हतनूरला पाणी काठोकाठ असले की उथळ चिखलाची किनार उरत नाही आणि बदके आसपासच्या लहान तलावांवर पांगतात. मग लोक म्हणतात, यंदा पक्षीच आले नाहीत. उबदार हिवाळ्याचा खरा परिणाम त्यांच्या जाण्यावर होतो. पाणी लवकर आटते, काठ उघडे पडतात आणि लांबच्या प्रवासाआधी अंगावर चरबी साठवायला जेवढे दिवस मिळायला हवेत तेवढे मिळत नाहीत. म्हणून मी मोजणी दोनदा करतो, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा होळीच्या आधी.

तापीकाठ

पाखरे भाऊ, तुमचा प्रश्न मला थेट लागला. काल संध्याकाळी ओट्यावर बसून वडिलांबरोबर शेजारच्या शेतांची उजळणी केली. मी शाळेत असताना आमच्या रस्त्याला लागून गावापासून नाल्यापर्यंत सलग दादर होती. आज त्या रस्त्यावर दादरीची तीन शेते आहेत आणि त्यांतले एक आमचे आहे. कारणही मला माहीत आहे. कापणी-मळणीला माणूस मिळत नाही, मक्याला पैसा लवकर होतो आणि कडब्याची गरज असणारी बैलजोडी घराघरांतून गेली. थंडीकडे बोट दाखवताना माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

ओंबी

माझे थोडे वेगळे मत आहे. लागवड घटली, हे कबूल. तरीही दादर ही ओलीवर आणि दहिवरावर जगणारी ज्वारी आहे. थंडी नसली की जमिनीतली ओल लवकर उडते, कणीस लहान राहते, दाणा हलका होतो आणि हुरड्याचे दिवसही कमी होतात. म्हणजे शेत उभे असले तरी पाखराच्या दृष्टीने ताटात कमीच वाढलेले असते. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली आहेत.

हतनूरची_पाखरे

हे मान्य आहे. मी लागवडीवर जोर दिला, कारण ती आपल्या हातात आहे.

अळीवर_नजर

मी कृषी पदवीधर आहे आणि सध्या धुळे तालुक्यात घरची शेती करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र निःसंशय ‘होय’ असे आहे. घाटे अळीचा पतंग, अंडी, अळी, मातीतला कोष आणि पुन्हा पतंग, हे चक्र उबदार हवेत साधारण महिनाभरात पूर्ण होते. हवा गार असेल तर तेच चक्र बरेच लांबते. हरभरा शेतात चार महिन्यांच्या आतबाहेर असतो. एवढ्या वेळात थंडी नसली की अळीची एक पिढी जास्त निघते. शिवाय हीच अळी कपाशी, तूर, मका आणि टोमॅटोवरही जगते. फरदड कपाशी आणि उशिराची तूर शेजारी उभी असेल तर तिला एका जेवणातून दुसऱ्या जेवणाकडे जाताना उपवास घडत नाही.

तापीकाठ दादा, तुमची फवारणी वाया गेली, त्याचे कारण बहुधा वेळ चुकली हे असावे. मोठी झालेली अळी घाट्यात डोके खुपसून असते आणि तिच्यावर औषध फारसे चालत नाही. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावले तर पतंगांची चाहूल आधी लागते. फुले येऊ लागताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसू लागल्या की पुढची फवारणी लांबवू नये. अळ्या लहान असताना एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध संध्याकाळी फवारले तर चांगला उपयोग होतो. सकाळी फवारले तर उन्हाने त्याची ताकद जाते.

आता तुमचे दोन्ही प्रश्न जिथे एकत्र येतात, ती गोष्ट सांगतो. भोरडी दाणे खाते म्हणून आपण तिला गोफणीने हाकलतो, परंतु ती अळ्या आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणावर खाते. साळुंकी, कोतवाल आणि बगळे हेही हरभऱ्यातली अळी टिपतात. त्यांना शेतात बसायला जागा लागते. एकरी वीसेक पक्षी थांबे, म्हणजे पिकापेक्षा हातभर उंच अशा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या, रोवून पाहा. हरभऱ्यात पेरणीच्या वेळी थोडी ज्वारी मिसळली असती तर तिची ताटेच थांब्याचे काम करतात. आमचे आजोबा तसे करत आणि आम्ही ते बंद केले होते. दोन वर्षांपासून पुन्हा सुरू केले आहे.

रानपिंगळा_शहादा

एवढी चांगली चर्चा चालू आहे, तर आमच्या रानपिंगळ्याचीही नोंद असावी. हा लहानसा घुबडाचा प्रकार 1884 नंतर कोणाला दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला, असेच धरले गेले होते. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. आमच्या जिल्ह्याची ती ठेव आहे.

तो दिवसा शिकार करतो आणि सरडे, पाली हे त्याचे मुख्य खाद्य आहे. गार पहाटे तो उघड्या फांदीच्या शेंड्यावर पिसे फुगवून ऊन घेत बसतो, म्हणून हिवाळ्यात तो दिसणे सोपे जाते. या हिवाळ्यात ऊन कोवळे असतानाच तो पानांआड गेलेला असे आणि आम्ही आवाजावरूनच त्याचा माग काढला. सरडेही पहाटेपासून चपळ असतात, त्यामुळे त्याला शिकारीला जास्त वेळ मिळतो की शिकारच जास्त अवघड होते, हे पाहण्यासाठी आम्ही एका जोडीवर आठवड्यातून दोन सकाळी नजर ठेवून आहोत. सातपुडा गुरुजी, वणव्याबद्दल तुम्ही लिहिले ते त्याच्यासाठीही महत्त्वाचे आहे. तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो आणि आगीत आधी पोकळ झाडेच जातात.

सातपुडा_पायथा

आपल्या मुलांना हे वाचून दाखवले. त्यांतल्या एकाने आमच्या टेकडीवर ढोली असलेली सात झाडे लगेच मोजून सांगितली. येत्या शनिवारी त्या झाडांभोवतीचा पाचोळा आम्ही झाडून काढणार आहोत.

घरची_चूल

गुरुजी, झाडाच्या बुंध्यापासून निदान दोन हात जागा स्वच्छ करा आणि मुलांना दुपारच्या आत घरी आणा. सर्पसेवा दादांनी लिहिले आहे त्याप्रमाणे पाचोळ्यात हात घालू देऊ नका. खराटा आणि दाताळे वापरा.

तापीकाठ

सर्वांचे आभार. शनिवारी पऱ्हाट्यांमधल्या सरळ काठ्या निवडून हरभऱ्याच्या चार एकरांत ऐंशी थांबे रोवले. पहिल्या दिवशी एकही पाखरू बसले नाही. तिसऱ्या सकाळी नाल्याकडच्या बाजूला कोतवालाची जोडी होती आणि काल पाच-सहा साळुंक्या ओळींतून चालत होत्या. घाट्यांमध्ये अळी अजून आहे. एका मीटरमध्ये काल तीन मोजल्या, आज दोन. एचएएनपीव्ही चोपड्यात मिळाले नाही, ते जळगावहून मागवले आहे आणि आल्यावर संध्याकाळीच फवारेन.

दादर पंधरा दिवसांत कापणीला येईल. बांधावरच्या पळसाला कळ्या धरल्या आहेत. तो फुलला की भोरड्या किती येतात, ते मोजून इथेच लिहीन. अळीवर_नजर भाऊ, पुढच्या वर्षी हरभऱ्यात ज्वारी मिसळायची तर एकरी किती बी घ्यावे आणि ती दादरच असावी का, एवढे कृपया सांगा.

अळीवर_नजर

दादा, दादरच घ्या. आम्ही एकरी मूठ-दोन मुठींपेक्षा जास्त टाकत नाही. हरभऱ्याच्या बियाण्यातच मिसळा, म्हणजे ताटे विरळ आणि सगळीकडे सारखी येतात.